टॅब की वेगळी विंडो? नव्याने कॉम्प्युटर शिकणाऱ्यांना आधी काय शिकवावं?

सुरंगी (हर्णै)

नमस्कार मंडळी. मी इकडे बचत गटाच्या बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग घेते. जून-जुलैमधे बोटी बंद (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी), बंदरावर लिलाव नाहीत, त्यामुळे तेव्हाच सगळ्यांना सवड असते. बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या, फोन सराईत वापरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेतात, युपीआयवर पैसे घेतात, पण माऊस पहिल्यांदाच हातात धरलेला.

माऊस जमतो, टायपिंग हळूहळू जमतं, मराठी कीबोर्डपण जमला. अडतं ते टॅबवर. लिंक दाबली की पान नव्या टॅबमधे उघडतं, ते त्यांच्या लक्षात येत नाही कारण वरच्या त्या बारीक पट्टीकडे कुणाचं लक्षच नसतं. मग मागे जायचा बाण दाबतात, तो फिका पडलेला, दाबला जात नाही. "बाई, मघाचं पान गेलं कुठं?" शेवटी वैतागून कोपऱ्यातली सगळ्यात मोठी फुली दाबतात आणि अख्खा ब्राउझर बंद, अर्धा भरलेला फॉर्म गेला.

माझं मत असं की टॅब पहिल्याच दिवशी शिकवावा, कारण आपण नाही शिकवला तरी तो त्यांच्यापुढे येणारच आहे. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ताई म्हणतात की आधी एक काम एक विंडो एवढंच शिकवा, टॅब नंतर. तुमचा अनुभव काय? घरातल्या मोठ्यांना कुणी शिकवलं असेल तर जरूर लिहा.

बिनधास्त_बोंबील

माझ्या आतेभावाच्या लॅपटॉपवर इतके टॅब उघडे असतात की नावं दिसतच नाहीत, नुसती बारकी बारकी चित्रं. त्याला पाठवू का वर्गाला? फी आत्या भरेल.

खाडीपलीकडे

तुमच्या ताईंशी सहमत, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की टॅब शिकवूच नका.

टॅबचा मूळ दोषच हा आहे की तो मागची वस्तू झाकतो. एका वेळी एकच पान दिसणार, बाकीची तुम्ही डोक्यात ठेवायची. आता फॉर्म भरताना काय लागतं? एका बाजूला आधार किंवा पासबुकाचा स्कॅन, दुसऱ्या बाजूला फॉर्म. टॅबमधे ठेवलात तर खाते क्रमांक बघायला तिकडे जा, चार आकडे लक्षात ठेव, परत ये, टाइप कर, परत जा. शेवटी कागदावर लिहून घेतात, मी प्रत्यक्ष बघितलंय. त्यापेक्षा दोन विंडो शेजारी लावल्या की झालं, विंडोजचं बटण दाबून धरून डावा बाण, दुसऱ्या विंडोला उजवा बाण, अर्धा अर्धा पडदा. ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे आणि आपल्याकडे कुठल्याच क्लासमधे शिकवत नाहीत.

डोळ्यासमोर असलेली गोष्ट हरवत नाही, एवढं साधं आहे हे.

गुहागर_न्याहारी

खाडीपलीकडे, शेजारी शेजारी ठीक आहे पण १४ इंची लॅपटॉपवर अर्ध्या पडद्यात सरकारी फॉर्म उघडून बघा. उजवीकडचं बटण पडद्याबाहेर जातं आणि खाली आडवा सरकवायचा दांडा येतो, तो नवीन माणसाला सापडतच नाही.

आमचा न्याहारी निवास आहे, मी बुकिंगचं पान, मेल आणि हिशोबाची शीट असं तिन्ही टॅबमधे ठेवते, मला तरी सोयीचं पडतं. पण सासूबाईंना शिकवताना सुरंगीसारखंच झालं. त्यांना फोनवर नीट जमतं आणि लॅपटॉपवर नाही, असं का होतं ते काही कळलं नाही.

कातळसडा (रत्नागिरी)

गुहागर, तुमच्या सासूबाईंचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि सुरंगीच्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे असं मला वाटतं. अँड्रॉइड फोनवर क्रोममधे लिंक नव्या टॅबमधे उघडली आणि तुम्ही बॅक दाबलं तर तो नवा टॅब बंद होतो आणि आधीचं पान समोर येतं. म्हणजे टॅब बदलला हे माणसाला कळायची गरजच पडत नाही, बॅक म्हणजे मागे, संपलं. कॉम्प्युटरवरच्या क्रोममधे तसं नाही, तिथे प्रत्येक टॅबचा इतिहास वेगळा. नव्या टॅबच्या मागे काहीच नाही म्हणून बाण फिका. त्या बायका चुकत नाहीयेत, फोनने शिकवलेलं बरोबर तेच करतायत.

मी स्क्रीन डिझाइनच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर खाली सरका.

टॅब ब्राउझरमधे जन्मले असं बरेच जण समजतात. तसं नाही. १९८८ मधे डॉन हॉपकिन्स यांनी सन कंपनीच्या न्यूज नावाच्या विंडो सिस्टिमवर खिडक्यांच्या कडेला टॅब लावले होते. सामान्य माणसापर्यंत मात्र ते हिशोबाच्या तक्त्यांतून आले, बोरलँडच्या क्वाट्रो प्रोमधे १९९२ ला एका फाईलमधे अनेक पानं आणि त्यांना टॅब होते, पुढच्याच वर्षी एक्सेल ५ मधे ते आलं आणि आज आपण खाली शीट १, शीट २ बघतो ते तिथलंच. नंतर विंडोज ९५ मधे सेटिंगच्या प्रत्येक चौकटीत टॅब आले.

ब्राउझरमधे १९९४ ला इंटरनेटवर्क्स नावाच्या ब्राउझरमधे टॅब होते, तो फारसा चालला नाही. १९९७ ला नेटकॅप्टर आला, मग २००१ मधे मोझिलाने घेतले आणि तिथून फायरफॉक्समधे. इंटरनेट एक्सप्लोररमधे ते यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं, सातव्या आवृत्तीत. म्हणजे २००१ ते २००६ आपल्यापैकी बहुतेकांनी सायबर कॅफेत सहावी आवृत्ती वापरली, प्रत्येक पान वेगळी विंडो, खाली टास्कबारवर सगळी दाटी.

म्हणून खाडीपलीकडे यांचं म्हणणं अर्धंच पटतं. "फक्त विंडो" हा प्रयोग आपण सगळ्यांनी करून झालेला आहे, तेव्हाही लोक पानं हरवायचेच, फक्त वरच्या पट्टीऐवजी खालच्या पट्टीत हरवायचे.

खाडीपलीकडे

तेव्हा पडदे १५ इंची आणि ८०० बाय ६०० चे होते हो. शेजारी लावायला जागाच नव्हती.

कातळसडा (रत्नागिरी)

हे मान्य.

मालवणी_झिल

माझ्या आवशीक मी येकच सांगितलंय, वरची बारकी फुली टॅबाची, कोपऱ्यातली मोठी फुली आख्ख्या खिडकीची. मोठ्या फुलीक हात लावायचो नाय. तेवढ्यावर तिचा बरा चल्लाहा.

सुरंगी (हर्णै)

झिल, हे आवडलं, उद्याच फळ्यावर लिहिते. पण एक अडचण, शेवटचा एकच टॅब उरला असेल तर बारक्या फुलीनेही विंडो बंद होते ना?

मालवणी_झिल

होता. पण तेव्हा हरवण्यासारखा काय उरलेलाच नसता.

दाखलेवाला (कुडाळ)

मी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्न, जातीचे दाखले, सातबारा, पीक पाहणीची मदत, शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनच्या दिवसात तर विचारू नका. दिवसभर टॅबवरच पोट आहे म्हणा ना. तर वर कुणीच न लिहिलेला एक मुद्दा सांगतो, तो नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी शिकवतो.

एकाच ब्राउझरचे सगळे टॅब एकच लॉगिन वापरतात. हे लोकांच्या डोक्यातच नसतं. टॅब वेगळा दिसतो म्हणून त्यांना वाटतं आतलं सगळं वेगळं. समजा पहिल्या टॅबमधे एका मुलाच्या नावाने लॉगिन करून फॉर्म अर्धा भरलाय, त्याचे वडील दाखला आणायला घरी गेलेत. तोवर दुसरी मुलगी आली, तुम्ही तीच साईट दुसऱ्या टॅबमधे उघडून तिच्या नावाने लॉगिन केलं. आता पहिला टॅब पडद्यावर जुनाच दिसतोय, मुलाचं नाव पण दिसतंय, पण साईटच्या लेखी तुम्ही ती मुलगी आहात. पहिल्यात जाऊन सबमिट दाबलं की नशीब चांगलं असेल तर साईट बाहेर काढते, नसेल तर एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यावर. मग दुरुस्ती अर्ज, तालुक्याला खेपा, आणि ते लेकरू बिचारं मुदतीच्या टेन्शनमधे.

उपाय म्हणजे क्रोममधे किंवा एजमधे वेगळं प्रोफाइल बनवायचं, प्रत्येक प्रोफाइलचं लॉगिन पूर्ण वेगळं राहतं. मी दोन्हीला रंग वेगवेगळे देऊन ठेवलेत, एक हिरवा एक निळा, म्हणजे कुठल्या गिऱ्हाईकाचं काम कुठे ते लांबूनही कळतं. घाईत असाल तर एक साधी विंडो आणि एक इनकॉग्निटो (मागे खूण न ठेवणारी खाजगी) विंडो, तेही चालतं. पण इनकॉग्निटोच्या दोन विंडो उघडून उपयोग नाही, त्या दोन्ही मिळून एकच लॉगिन धरतात, हे बऱ्याच ऑपरेटर लोकांना माहीत नाही. आणि काम झाल्यावर इनकॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद केल्या की लॉगिन पुसलं जातं, दुसऱ्याची कागदपत्रं हाताळताना हे फार महत्त्वाचं, लोक आपल्यावर विश्वासाने आधार ठेवून जातात.

म्हणून सुरंगीताई, टॅब कधी आणि वेगळी विंडो कधी हे माणसावर ठरवा. एकाच माणसाचं काम असेल तर टॅब चालतील. माणूस बदलला की प्रोफाइल वेगळं.

गुहागर_न्याहारी

दाखलेवाला, पैसे भरल्यावर पावतीचा टॅब उघडायला हवा तो कधीकधी उघडतच नाही, माणूस परत पैसे भरायला जातो. त्याचं काय?

दाखलेवाला (कुडाळ)

परत भरू नका आधी! पावती पॉपअप (आपोआप उघडणारी खिडकी) म्हणून ब्राउझरने अडवलेली असते. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह येतं, ते दाबून परवानगी द्यायची, पावती उघडते. तरी नाही दिसली तर त्याच साईटवर व्यवहारांच्या यादीत बघा, बँकेचा मेसेज बघा, मगच पुढचं ठरवा.

मुंबईचा_चाकरमानी

लॉगिनचं वाचून आठवलं. गणपतीची तिकिटं ६० दिवस आधी उघडतात तेव्हा आमच्या बिल्डिंगमधे सगळे एकाच खात्याने दहा टॅब उघडून बसतात, की कुठल्यातरी टॅबला लागेल. दाखलेवाला म्हणतायत त्यावरून हे फुकट आहे तर?

कातळसडा (रत्नागिरी)

फुकटच. खातं एकच, लॉगिन एकच, साईटला तुम्ही एकच माणूस दिसता. उलट एका टॅबमधे पुढे गेलात आणि दुसऱ्यात रिफ्रेश केलंत तर पहिल्याचं काम मोडू शकतं. एक टॅब ठेवा, प्रवाशांची नावं आधीच यादीत भरून ठेवा आणि मिनिटभर आधी लॉगिन करून बसा.

बिनधास्त_बोंबील

कोकण रेल्वेच्या तिकिटाला टॅबांनी नाही, रवळनाथाला नारळ ठेवून फरक पडतो.

मुंबईचा_चाकरमानी

नारळ ठेवलेला असतोच.

ऐकणारा (चिपळूण)

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करतो (एनव्हीडीए, फुकट मिळतं आणि मराठीत वाचतं). त्यामुळे टॅबचा माझा अनुभव तुमच्यापेक्षा वेगळा असणार म्हणून सविस्तर लिहितो.

वर खाडीपलीकडे म्हणाले की टॅब मागचं झाकतो. मला सगळंच झाकलेलं आहे, शेजारी लावलेल्या दोन विंडोचाही मला उपयोग नाही, मी एका वेळी एकच ऐकू शकतो. मला टॅब आवडतात. कंट्रोल-टॅब दाबलं की पुढचा टॅब आणि त्याचं नाव कानात, कंट्रोल-शिफ्ट-टॅबने मागचा. कंट्रोल आणि १ ते ८ आकडे दाबले की त्या क्रमांकाचा टॅब, कंट्रोल-९ म्हणजे कितीही असले तरी शेवटचा. मी ऑफिसचं मेल कायम पहिलं ठेवतो आणि कामाचं पोर्टल दुसरं, त्यामुळे डोक्यात नकाशा पक्का असतो. ऑल्ट-टॅबने विंडो बदलताना हा क्रम टिकत नाही, शेवटी जी वापरली ती पुढे येते, म्हणून मला तिथे दर वेळी ऐकत बसावं लागतं.

पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, पानाला नाव असणं. एका पोर्टलवर (नाव लिहीत नाही) प्रत्येक पानाचं शीर्षक एकच आहे, खात्याचं नाव. अर्ज, यादी, पावती, तक्रार, सगळ्यांना तेच. पाच टॅब उघडले की पाच वेळा तेच नाव ऐकू येतं. डोळस माणसालाही वर तेच पाच वेळा दिसत असणार, पण तो आत डोकावून ओळखतो, मला प्रत्येक पान वरून वाचत जावं लागतं. वेगळं शीर्षक लिहायला प्रोग्रामरला एक ओळ लागते. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत हे अगदी पहिल्या पायरीवर आहे, की प्रत्येक पानाला त्याचा विषय सांगणारं शीर्षक हवं. जे कुणी साईट बनवत असाल त्यांना हात जोडून सांगतो, एवढं करा.

दुसरं, पानाच्या आत पण टॅब असतात ना, "माहिती, कागदपत्रं, शुल्क" असे. ते नीट बनवले असतील तर मला "टॅब, निवडलेला, ३ पैकी १" असं ऐकू येतं आणि बाणाच्या कीने पुढे जाता येतं. नुसते रंगवलेले चौकोन असतील तर मला कळतच नाही की मागे अजून दोन पानं आहेत. फॉर्म अपूर्ण राहतो तो त्यामुळे.

कातळसडा (रत्नागिरी)

ऐकणारा, तुमची पोस्ट मी आमच्या टीमला वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे पण शीर्षकं सगळीकडे नीट नाहीत, या आठवड्यात बसून लावून घेतो.

तुम्ही पानातल्या टॅबचा विषय काढलात तर अजून एक. जुन्या वर्डमधे ऑप्शन्सच्या चौकटीत टॅबच्या तीन ओळी होत्या, आठवतंय का कुणाला? मागच्या ओळीतला टॅब दाबला की ती अख्खी ओळ पुढे यायची आणि बाकीच्या मागे जायच्या. आत्ता जिथे एक नाव होतं तिथे पुढच्या क्षणी दुसरंच. माणूस जागा लक्षात ठेवतो आणि यंत्र जागाच बदलतं, यापेक्षा वाईट रचना मी क्वचित बघितली असेल. याच्या उलट चांगलं उदाहरण क्रोमचं, टॅब बंद करत गेलात तर जोवर माऊस त्या पट्टीवर आहे तोवर उरलेले टॅब रुंद होत नाहीत, पुढच्याची फुली बरोबर माऊसखाली येते, हात न हलवता एकामागे एक बंद करता येतात. माऊस खाली आणला की मग ते पसरतात. हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तेच त्याचं यश.

देवगड_बाग

एक्सेलच्या टॅबचं कुणी बोललं नाही पुढे, म्हणून लिहितो. आमचा हापूसचा धंदा आहे, हंगामात रोजच्या पेट्या, वाशीला किती गेल्या, थेट गिऱ्हाईकाला डझनावर किती, गाडीभाडं, खोका, पेंढा, मजुरी, सगळं एकाच फाईलमधे, प्रत्येक व्यापाऱ्याची वेगळी शीट. हे टॅब मला ब्राउझरच्या टॅबपेक्षा जास्त उपयोगी वाटतात कारण ते जागेवर राहतात, गेल्या वर्षीची फाईल उघडली तरी त्याच क्रमाने. कंट्रोल-पेजडाऊनने पुढची शीट, पेजअपने मागची. शीट खूप झाल्या की खाली डाव्या कोपऱ्यातल्या बाणांवर उजवं क्लिक करा, सगळी यादी येते.

पण यातला एक धोका मात्र वर्गात जरूर शिकवा सुरंगीताई. शिफ्ट किंवा कंट्रोल धरून दोन-चार शीट एकदम निवडल्या गेल्या तर त्या गटात जातात, आणि मग एका शीटमधे जे लिहाल ते त्याच जागी सगळ्यांमधे लिहिलं जातं. पडद्यावर एकच शीट दिसते त्यामुळे कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या मुनीमाकडून असं झालं, एका व्यापाऱ्याचे आकडे चार जणांच्या शीटवर चढले, आधीचे पुसले गेले, हंगामाच्या शेवटी हिशोबाला बसल्यावर उघड झालं. ओळखायची खूण म्हणजे अगदी वर फाईलच्या नावाशेजारी "ग्रुप" असं येतं आणि खाली एकापेक्षा जास्त टॅब उजळ दिसतात. टॅबवर उजवं क्लिक करून अनग्रुप करायचं.

बिनधास्त_बोंबील

यंदा पायरीची शीट आहे का? दर काय चाललाय?

देवगड_बाग

विपू (माझ्या पानावर विचारपूस) करा, धाग्यावर नको.

गुहागर_न्याहारी

पावसाळ्यातला एक प्रश्न. इकडे वीज केव्हाही जाते. यूपीएस दहा मिनिटं टिकतो, लॅपटॉपची बॅटरी जुनी. बंद पडून चालू केला की टॅब परत आणता येतात ना?

कातळसडा (रत्नागिरी)

येतात. क्रोम अचानक बंद पडलं असेल तर उघडल्यावर स्वतःच विचारतं, पानं परत आणू का. नाही विचारलं तर कंट्रोल-शिफ्ट-टी, शेवटची बंद झालेली अख्खी विंडो परत येते. सेटिंगमधे "जिथे सोडलं तिथून सुरू करा" हे निवडून ठेवलं की दर वेळी आपोआप. पण पान परत येणं वेगळं आणि भरलेला फॉर्म परत येणं वेगळं. फॉर्ममधला मजकूर येईलच असं नाही आणि लॉगिन तर बहुधा गेलेलंच असतं. मोठा मजकूर असेल तर नोटपॅडमधे लिहून मग चिकटवा. विंडोज ११ च्या नव्या नोटपॅडमधे आता टॅब आहेत आणि सेव्ह न करता बंद केलं तरी पुढच्या वेळी मजकूर तसाच उघडतो.

दाखलेवाला (कुडाळ)

याला जोड. इनकॉग्निटोमधलं काही म्हणजे काही परत येत नाही, कंट्रोल-शिफ्ट-टी तिथे चालत नाही. पावसाळ्यात लांबलचक फॉर्म इनकॉग्निटोत भरू नका.

खाडीपलीकडे

एवढं वाचून माझं मत थोडं बदललं. ऐकणारा यांनी लिहिलेला क्रमाचा मुद्दा माझ्या ध्यानात कधी आला नव्हता. तरी फॉर्म भरताना शेजारी शेजारी विंडो, यावर मी ठाम आहे. आणि गुहागर, आडवा दांडा येतो त्याला उपाय, कंट्रोल आणि वजाचं चिन्ह, पान लहान होतं आणि बटण आत येतं.

सुरंगी, टॅब धरून खाली ओढला की त्याची स्वतंत्र विंडो होते, आणि विंडोतला टॅब उचलून दुसऱ्या पट्टीत सोडला की परत टॅब. हे एकदा हाताने करून घ्या त्यांच्याकडून. दोन्ही एकच वस्तू आहेत हे त्यांना दिसलं की आपला हा वाद त्यांच्यासाठी उरणारच नाही.

सुरंगी (हर्णै)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात खाडीपलीकडेंचं करून बघितलं. प्रत्येकीला दोन टॅब उघडायला लावले, एकात बाजारभावाचं पान, एकात हवामानाचं, मग हवामानाचा टॅब खाली ओढायला सांगितला. तो सुटून वेगळा झाला तेव्हा जे काही आवाज आले वर्गात! मग परत वर सोडायला लावला. एकीने तर तो दहा-बारा वेळा वर-खाली केला, थांबेचना.

नंतर लिंक नव्या टॅबमधे उघडून दाखवली आणि सांगितलं की फोनवर बॅक दाबतो तसं इथे नाही, बाण फिका दिसला की आधी वर बघायचं. आता "बाण फिका, वर बघ" असं त्या एकमेकींनाच सांगतायत. मोठ्या फुलीचं झिलचं वाक्य फळ्यावर आहेच. माझ्याबरोबरच्या ताईसुद्धा म्हणाल्या की मग पहिल्याच दिवशी घेऊ, पण कीबोर्डचे शॉर्टकट नंतर. ते मला पटलं, आधी हात आणि डोळे बसू देत. प्रोफाइल आणि लॉगिनचं मात्र पुढच्या आठवड्यात घेणार, कारण दोघी-तिघी जणी शेजाऱ्यांचेही फॉर्म भरून देतात.

एक राहिलं, बचत गटाच्या पोर्टलचा टॅब कायम पहिला राहावा असं करता येतं का? चुकून बंद होतो.

ऐकणारा (चिपळूण)

येतं. टॅबवर उजवं क्लिक करून "पिन" निवडा. तो डावीकडे सरकतो, लहान होतो आणि त्याच्यावरची फुली नाहीशी होते. कंट्रोल-१ ला कायम तोच येईल.

दाखलेवाला (कुडाळ)

फक्त पिन केलेल्या टॅबमधलं लॉगिन काम झालं की बंद करायला सांगा. वर्गातले कॉम्प्युटर सगळ्यांचे असतात, पुढची बाई बसली की आधीचीचं खातं तिच्यासमोर उघडं.

सुरंगी (हर्णै)

हो, ते उद्याच सांगते. पोर्टलवर बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते सगळ्यांनाच सापडत नाही, त्याचा फोटो काढून भिंतीवर लावते.